घरात साखर, रिपोर्टमध्ये शुगर

ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफी मशीनच्या बाजूला तो ट्रे असतोच. पांढऱ्या पुडीवर 'शुगर', तपकिरी पुडीवर 'ब्राउन शुगर' आणि डाएटवाल्यांसाठी 'शुगर-फ्री'. शेजारच्या क्युबिकलमधल्या मैत्रिणीला आपण बिनधास्त विचारतो, 'शुगर किती?' घरी मात्र आईला 'साखर संपलीय का गं?' असंच विचारतो. कारण आईला 'शुगर किती?' विचारलं, तर उत्तर चमच्यांत येणार नाही. रिपोर्टमधला आकडा येईल. 'जेवणानंतरची एकशे नव्वद!'

बघा ना, पदार्थ एक, शब्द दोन आणि मध्ये अख्खा एक आजार. आजचा कॉलम या एका शब्दावर. प्लीज, लगेच पान उलटू नका. यात व्याकरण नाहीये. थोडा प्रवास आहे, थोडी केमिस्ट्री आहे आणि आमच्या घरातलं एक न मिटणारं भांडण आहे.

सुरुवात जर्मनपासून. पुण्यात राहायचं आणि जर्मनची एकही लेव्हल करायची नाही, हे जरा अवघडच. मीही 'ए-वन' केलंय. पहिल्या काही धड्यांत खाण्यापिण्याचे शब्द येतात आणि आपला हुरूप एकदम वाढतो, कारण निम्मे शब्द इंग्रजीसारखेच वाटतात. मिल्क म्हणजे मिल्श. वॉटर म्हणजे वासर. हनी म्हणजे होनिश. आणि शुगर म्हणजे त्सुकर. हा 'त्सु' आपल्याला फुकटात येतो बरं का, 'चुना'मधला चु! बाकीच्या मंडळींना त्यासाठी जीभ कसरत करायला लावते.

आता गंमत अशी, की दूध, पाणी आणि मध या शब्दांपुरत्या इंग्रजी आणि जर्मन सख्ख्या बहिणी आहेत. तिन्ही शब्द एकाच पणजीकडून आलेले. साखर तशी नाही. त्यांच्या पणजीच्या काळात युरोपात गोड म्हणजे मध, नाहीतर फळं. ऊसच नव्हता, तर त्याचा शब्द कुठून येणार? दोघींनी तो नंतर उसना घेतला. जर्मनने इटालियन 'झुकेरो'कडून, इंग्रजीने जुन्या फ्रेंचकडून. त्या दोघांच्या मागे मध्ययुगीन लॅटिन, लॅटिनच्या मागे अरबी 'सुक्कर' आणि अरबीच्या मागे फारसी 'शकर'. आणि फारसीच्या मागे कोण? आपण! संस्कृतातली 'शर्करा' पश्चिमेला निघाली आणि लंडन-बर्लिनपर्यंत पोचली. तीच शर्करा घरी प्राकृतात 'सक्करा' झाली आणि मराठीत 'साखर'. म्हणजे साखर, शुगर आणि त्सुकर ही तीन चुलत भावंडं. फेसबुकवाल्या झुकरबर्गच्या आडनावाचा शब्दशः अर्थ 'साखरेचा डोंगर'. आपल्याकडे साखरे आहेत, डोंगरे आहेत. हे महाशय दोन्ही एकदम!

आता सांगा, 'शर्करा'चा मूळ अर्थ काय असेल? गोड? चूक. शर्करा म्हणजे खडे. रेती, वाळू, कच. आयुर्वेदात मुतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हणतात. उसाचा रस आटवून त्याचे कण करायची विद्या साधली, तेव्हा ते कण रेतीसारखे दिसले आणि नाव पडलं शर्करा. चवीवरून नाही, दाताखाली कचकन लागतं त्यावरून. अलेक्झांडरबरोबर आलेल्या नीआर्कसने भारतात मधमाश्यांशिवाय मध देणारे बोरू असल्याचं लिहून ठेवलं. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने 'साखारोन' मिठासारखं दाताखाली फुटतं असं नोंदवलं. आणि आजही साखरेच्या पोत्यावर 'एस-३०', 'एम-३०' असं छापतात, त्यातला एस म्हणजे बारीक दाणा आणि एम म्हणजे मध्यम. दोन हजार वर्षांनंतरही आपण साखर दाण्यावरूनच ओळखतो.

हे पोत्याचं ज्ञान मला गूगलने दिलेलं नाही. मी शिरोळची. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा आमचा तालुका. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्या. नरसोबाच्या वाडीला किंवा खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघायला कधी गेला असाल, तर आमच्या रस्त्यांवरून गेला असाल. दोन्ही बाजूंना काय दिसलं? ऊस. त्याच्या पलीकडे? ऊस. श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखाना शिरोळचाच. सीझन सुरू झाला, की गावभर मळीचा वास आणि रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग. कर्नाटक इतकं जवळ, की घराघरांत कन्नडही चालतं. तिथे साखरेला म्हणतात 'सक्करे'. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

शिरोळमध्ये साखर म्हणजे आधी पैसा, मग पदार्थ. कुठल्याही कट्ट्यावर बसा. 'उतारा किती बसला?', 'पहिली उचल किती?', 'एफआरपी एकरकमी का तुकड्यांत?' तुमच्या 'अप्रेझल किती झालं?' इतकेच हे प्रश्न जिव्हाळ्याचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी ठरवली क्विंटलला ३५५ रुपये, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असं १९६६ चा आदेश सांगतो. हे चौदा दिवस आणि तो दर यांच्यावर आमच्याकडे आंदोलनं होतात, रस्ते अडतात, जयसिंगपूरला ऊस परिषद भरते. आणि तो ऊस तोडायला शेकडो किलोमीटरवरून, बीडसारख्या जिल्ह्यांतून माणसं येतात. तिथे 'एक कोयता' म्हणजे एक हत्यार नव्हे. एक नवरा-बायकोची जोडी! माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते. जर्मनमध्ये एखादं काम सोपं नसेल तर म्हणतात, 'ही काही साखर चाटणं नव्हे'. हा वाक्प्रचार पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फडातल्या त्या बायका आठवल्या.

त्या भाषेत अजून एक शब्द आहे, 'त्सुकरट्यूटं'. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांना खाऊने भरलेला कागदी शंकू देतात, तो. शब्दशः भाषांतर करा पाहू. साखरेचा पुडा! म्हणजे साखरपुडाच की. त्यांचा सहाव्या वर्षी, शाळेशी. आपला पंचविशीत... पुढचं तुमचं तुम्ही बघा.

तर आता भांडणाकडे. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्याचे सभासद. सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते. घरात साखरेचं पोतं असणं ही आमच्याकडे श्रीमंती नाही, सवय आहे. मी पुण्याला निघाले, की बॅगेत लॅपटॉपशेजारी पाच किलोची पिशवी ठरलेली. आणि सहा वर्षांपूर्वी त्याच पोत्याच्या मालकाला शुगर निघाली.

आण्णा शिस्तीचे. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून साखर बंद. लग्नाच्या पंगतीत जिलेबी नाही, दिवाळीत लाडू नाही. सगळ्या भावकीत कौतुक. तरी दर तीन महिन्यांनी रिपोर्ट यायचा आणि आकडा तिथेच, नाहीतर वर. मी सुट्टीला गेले आणि सकाळी सहाला स्वयंपाकघरात पाहिलं तर चहाच्या पातेल्यात गुळाचा हा एवढा खडा.

"आण्णा, हे काय?"

"गूळ. साखर न्हाई घालत मी."

"अहो, पण गूळ..."

"गूळ म्हंजे काय साखर हाय व्हय? गूळ औषधी असतोय. आपला कोल्हापुरी गूळ हाय, कायबी हुत न्हाई."

आई चुलीकडे बघत म्हणाली, "सांग बाई तूच. माझं कोण ऐकतंय हितं?"

कोल्हापूरच्या माणसाला गुळाबद्दल वाकडं सांगायचं म्हणजे तांबड्या रश्श्याला नावं ठेवण्यासारखं. गुऱ्हाळ हे आमचं बालपण. काहिलीत उकळणारा रस, त्यावरची मळी काढणारा गुळव्या, वाटीत घेतलेली गरम काकवी. पण प्रश्न प्रेमाचा नव्हता, पोटात काय जातंय याचा होता. साखर म्हणजे सुक्रोज. आणि गूळ? त्यातही बहुतांश सुक्रोजच. थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडं पाणी, थोडी खनिजं. त्या थोड्या खनिजांनी रक्तातली शुगर काही आवरत नाही. 'सुक्रोज' या शब्दाचं मूळही फ्रेंच 'स्युक्र'मध्ये, म्हणजे पुन्हा आपली शर्कराच!

मग मी शब्द घेऊन बसले. कारण आण्णांना केमिस्ट्रीपेक्षा भाषा आवडते. म्हटलं, बघा, आपल्या पूर्वजांनी तीन शब्द केले. संस्कृत 'गुड' म्हणजे गोळा, त्याचा झाला गूळ. 'शर्करा' म्हणजे खडा, तिची झाली साखर. 'खंड' म्हणजे तुकडा, त्याची झाली खांड. हा 'खंड'सुद्धा फारसी-अरबीतून फिरून इंग्रजीत कँडी झाला आणि जर्मनमध्ये कांडिस. जर्मन दुकानात 'कांडिसत्सुकर' मागा, तुम्ही 'खंडशर्करा'च मागताय. आता गोळा, खडा, तुकडा यांत कुठे चव आहे? कुठे गुण आहे? तीनही आकाराची नावं आहेत. रस एकच. ज्यांनी नावं ठेवली त्यांना हे पक्कं माहीत होतं. आपण मात्र आकार बदलला की पदार्थ बदलला असं धरून चाललोय.

आणि मग हुकमाचा एक्का. गुळाला इंग्रजीत काय म्हणतात? जॅगरी. पोर्तुगीज लोक दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरले, तिथे त्यांनी मल्याळममधलं 'चक्करा' ऐकलं, त्यांच्या तोंडी ते 'जागरा' झालं आणि तेच इंग्रजांनी उचललं. चक्करा म्हणजे कन्नडमधल्या सक्करेची सख्खी बहीण. दोघींची आई शर्करा.

आण्णांना कन्नड उत्तम येतं. ते जरा वेळ गप्प बसले.

"म्हंजे इंग्रज गुळाला सक्करेच म्हणत हुते?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी चहा बिनगुळाचा. मी जिंकले! तिसऱ्या दिवशी भाकरीबरोबर काकवी. "ही पातळ असतीया," आण्णा म्हणाले. गोळा, खडा, तुकडा झाले, आता चौथा आकार!

हसू नका. हे आमच्याच घरात होतं असं नाही. तुमच्या ऑफिसमधली 'मी रिफाइंड शुगर सोडलीय' म्हणणारी मंडळी आठवा. गुळाची चिक्की, खजुराचे लाडू, मधाचं ग्रीन टी. शब्द बदलले, की आपल्याला हलकं वाटतं.

एका गोष्टीला दोन नावं दिली, की आपण त्या दोन गोष्टी मानतो. साखर-गुळाचं तसं झालं. आणि दोन गोष्टींना एकच नाव दिलं, की आपण त्या एक मानतो. 'शुगर'चं तसं झालं. डब्यातली साखर सुक्रोज. रक्तातली शुगर ग्लुकोज. हे ग्लुकोज भाकरीतून येतं, भातातून येतं, पोह्यांतून येतं. साखर खाल्ली म्हणूनच हा आजार होतो आणि साखर सोडली की जातो, असं सरळ गणित नाही. पण आजाराचं नावच 'शुगर' असल्यावर माणूस डबा बंद करतो आणि भाताचा दुसरा वाढप घेतो. आण्णाही घेतात.

या घोटाळ्यात आपण एकटे नाही. जर्मनीत आजाराला रोजच्या बोलण्यात 'त्सुकरक्रांकहाइट' म्हणजे साखरेचा आजार म्हणतात. 'त्यांना त्सुकर आहे' असंही म्हणतात. अगदी आपल्या 'त्यांना शुगर आहे'सारखं! आपल्या वैद्यांनी मात्र नाव ठेवलं 'मधुमेह', मधासारखी लघवी. इंग्रज डॉक्टर थॉमस विलिसला सतराव्या शतकात लघवीतली हीच गोडी जाणवली आणि पुढे डायबेटिसला 'मेलायटस' जोडलं गेलं. त्याचाही अर्थ मधाळ. मध त्यांच्याकडे, मध आपल्याकडे. मग आपण 'मधुमेह' फॉर्मवर लिहायला ठेवला आणि तोंडात 'शुगर' घेतली. का? माझा अंदाज सांगते. 'साखर' हा शब्द आपल्याला खराब करायचा नव्हता. तोंडात साखर पडो, दुधात साखर, साखरझोप. इतक्या शुभ शब्दाला आजार कसा चिकटवायचा? म्हणून जगभर फिरून आलेल्या चुलत भावाला पुढे केलं. साखर घरची, शुगर दवाखान्याची.

हा शिष्टाचार छान आहे, पण महाग पडतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. त्यांतले कितीतरी जण आण्णांसारखे शिस्तीचे असतील, चुकीच्या डब्याचं झाकण घट्ट लावून बसलेले.

आमच्याकडे हे मागच्या वर्षी कळलं. खोडव्याच्या फडात उसाचा बुडखा आण्णांच्या पायात घुसला. संध्याकाळी आईने चपलेतलं रक्त पाहिलं तेव्हा त्यांना समजलं. शुगर बरीच वर्षं चढी राहिली, की पायाच्या नसा बधिर होतात. टोचलेलं कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. ती भरायला दोन महिने लागले. पाय वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज रात्री तळपाय बघायचे, शेतात बंद बूट घालायचे आणि जेवणाचं ताट मोजून घ्यायचं, नुसता चहाचा कप नव्हे.

तेव्हापासून आईने ताटाचा ताबा घेतलाय. भाकरी दीड, भात वाटीभर, पालेभाजी हवी तेवढी. काकवीची बाटली माझ्या पुण्याच्या फ्रिजमध्ये जप्त आहे. गेल्या तीन रिपोर्टांत आकडा खाली आलाय, हळूहळू, पण आलाय. बूट मात्र आण्णांना अजून पटलेले नाहीत. वरंब्यावरून अनवाणी चालायची सवय साठ वर्षांची. मी फोनवर रोज विचारते, "आज बूट घातलेले का?"

"घातलेले की."

"खरं?"

"पायात खडा गेला तर कळाया पायजे न्हवं? बुटात काय कळतंय?"

"आण्णा, आता अनवाणीही कळत नाही. म्हणूनच बूट."

यावर ते 'बरं' म्हणतात आणि उसाच्या दराकडे वळतात. मग मी आईला फोन द्यायला सांगते. खरा रिपोर्ट तिच्याकडेच मिळतो.